ठेव तुमच्याच तिजोरीत, मग स्कोअर कशासाठी? सोलापुरातील बँकांना खुले पत्र

प्रति,
माननीय जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापक,
तसेच सोलापूर शहर व जिल्ह्यातील सर्व बँकांचे शाखाधिकारी

विषय : पतइतिहास सावरू पाहणाऱ्या ग्राहकांना मुदत ठेवीवर क्रेडिट कार्ड देण्याबाबत

सन्माननीय महोदय,

सादर नमस्कार.

अशोक चौक, साखर पेठ आणि अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या छोट्या व्यावसायिकांची हिशेबाची आणि कराची कामे मी करतो. आपल्या शाखेत "सिबिल बसत नाही", म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून सिबिल या पतमाहिती कंपनीने काढलेला स्कोअर पुरेसा नाही, एवढे एकच वाक्य ऐकून बाहेर पडलेली माणसे पुढे बहुधा माझ्यासारख्याच्या टेबलासमोर येऊन बसतात आणि आता काय करायचे, असे विचारतात. त्यांच्यापैकी ज्यांच्या गाठीला वीस-पंचवीस हजार रुपये आहेत, त्यांच्यासाठी नियमांत बसणारा, फारसा खर्च नसलेला आणि बँकेलाही जवळजवळ निर्धोक असा एक मार्ग आहे. तो म्हणजे मुदत ठेव तारण देऊन मिळणारे क्रेडिट कार्ड. हा मार्ग आपल्या काउंटरवरून आपणहून कोणी सांगत नाही, आणि ज्याने कुठून तरी ऐकून त्याची चौकशी केली त्यालाही पुन्हा तोच स्कोअर दाखवून परत पाठवले जाते, ही माझी तक्रार आहे. ती एका शाखेबद्दल किंवा एका बँकेबद्दल नसल्यामुळे हे पत्र सर्वांना उद्देशून लिहीत आहे.

ही माणसे कोण आहेत, हे आधी सांगतो, कारण "थकबाकीदार" म्हटले की आपल्यासमोर कर्ज बुडवून मिरवणाऱ्याचे चित्र उभे राहते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत माग थांबले. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली, नंतर ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. ज्यांनी रीतसर ही सवलत घेतली त्यांच्या त्या काळातील न भरलेल्या हप्त्यांची नोंद थकबाकी म्हणून व्हायची नव्हती. पण मजुरीवर चार माग चालवणाऱ्या माणसाला आपली सवलत नोंदली गेली की नाही, सवलतीच्या काळात व्याज चालू राहिले की नाही, यातले काहीच नीट ठाऊक नव्हते, आणि सप्टेंबर उजाडला तेव्हा चादरी-टॉवेलची मागणी काही पूर्ववत झालेली नव्हती. थकलेली रक्कम अनेकदा क्षुल्लक असते. मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी हप्त्यावर घेतलेला मोबाइल, एखादा फ्रिज, मेव्हण्याच्या दुचाकीला दिलेला जामीन. जामीनदाराच्या पतअहवालातही ते कर्ज दिसते, ही गोष्ट सही करताना त्याला कोणीही सांगत नाही. पुढे स्वतःच्या मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी तो आपल्याकडे येतो, तेव्हाच त्याला ती पहिल्यांदा कळते.

दुसरा गट आणखी मोठा असावा. त्यांनी कधीच काही थकवलेले नाही, पण त्यांचा इतिहासच नाही. सोलापुरात भिशी आणि पतसंस्था यांच्यावर किती संसार उभे राहिले, हे आपल्यापैकी इथल्या प्रत्येक अधिकाऱ्याला माहीत आहे. पतसंस्थेचा हप्ता दहा वर्षे न चुकता भरलेला असला तरी तो पतमाहिती कंपन्यांच्या अहवालात बहुधा उमटत नाही, आणि भिशीचा तर प्रश्नच नाही. नीलमनगर किंवा विडी घरकुल भागात विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईची शिस्त एखाद्या पगारदाराला लाजवील अशी असते, तरी तिच्या नावापुढे स्कोअरऐवजी "उणे एक", म्हणजे इतिहासच नाही, असे येते. केवळ पूर्वीचा कर्जइतिहास नाही या कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितलेले आहे. आपल्या काही शाखांपर्यंत ते अजून पोहोचलेले दिसत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. ग्राहक पंचवीस हजारांची मुदत ठेव आपल्याकडे ठेवतो, आपण तिच्यावर धारणाधिकार (बाकी फिटेपर्यंत ती मोडता येणार नाही, अशी अट) नोंदवता आणि ठेवीच्या साधारण ऐंशी-नव्वद टक्क्यांइतक्या मर्यादेचे कार्ड देता. ठेवीवर व्याज चालूच राहते. ग्राहक दरमहा त्या कार्डावर वीजबिल, किराणा किंवा सुताच्या पिशव्यांचे भाडे भरतो आणि देय तारखेपूर्वी सगळी रक्कम फेडतो. प्रत्येक वेळी ही नोंद पतमाहिती कंपन्यांकडे जाते. अहवालात या खात्याचा प्रकार "सिक्युअर्ड क्रेडिट कार्ड" असा वेगळा लिहिला जातो, म्हणजे पुढच्या कर्जदात्यापासून काही लपत नाही, पण वेळेवर केलेली परतफेड ही परतफेड म्हणूनच मोजली जाते. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जात असे. १ जानेवारी २०२५ पासून ती निदान दर पंधरवड्याला पाठवणे बंधनकारक झाले आहे, त्यामुळे सुधारणाही पूर्वीपेक्षा लवकर दिसते. एसबीआय कार्डने २०१८ मध्ये "उन्नती" या नावाने पंचवीस हजार व त्याहून अधिक ठेवीवर असे कार्ड आणले होते, आणि नंतर बऱ्याच खासगी बँकांनी हाच प्रकार वेगवेगळ्या नावांनी सुरू केला. तेव्हा ही कल्पना नवी नाही आणि मी आपल्याकडे कसली खास सवलतही मागत नाही.

या व्यवहारात बँकेची जोखीम किती? ग्राहकाने एक रुपया भरला नाही तरी ठेव मोडून आपली वसुली होते. मग अशा अर्जासाठी स्कोअर पाहून नकार देण्यात कोणता तर्क आहे, हे मला खरोखर समजलेले नाही. तारण नसलेल्या कर्जासाठी आपण स्कोअर पाहता हे योग्यच आहे, कारण तिथे ठेवीदारांचा पैसा पणाला लागलेला असतो. पण स्वतःच्या ठेवीवर कार्ड मागणारा माणूस स्वतःचाच पैसा पणाला लावतो. त्यालाही त्याच चाळणीतून काढणे म्हणजे स्कोअर वाईट आहे म्हणून कार्ड नाही आणि कार्ड नाही म्हणून स्कोअर सुधारत नाही, अशा फेऱ्यात त्याला कायमचे ठेवणे होय. मला शंका आहे की बऱ्याच ठिकाणी यामागे धोरणच नसते. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला हे उत्पादन माहीत नसते, किंवा तारणाविनाचे कार्ड विकण्याचे उद्दिष्ट त्याच्या डोक्यावर असते आणि ठेवीवरचे कार्ड त्या हिशेबात धरले जात नाही.

नकार द्यायचाच असेल तर तो लेखी द्यावा. क्रेडिट कार्डाचा अर्ज फेटाळताना त्यामागचे नेमके कारण लेखी कळवले पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेच्या २१ एप्रिल २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत आहे, आणि ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले. "सिबिल बसत नाही" हे नेमके कारण नव्हे. कोणत्या खात्यातील कोणती नोंद आड येते, हे कळले तरच माणूस ती दुरुस्त करू शकतो.

क्रेडिट कार्डाची शिफारस करणारा मी त्याच्या धोक्यांविषयी गप्प बसलो तर ती अप्रामाणिकता होईल, आणि या बाबतीत आपलीही जबाबदारी मोठी आहे. कार्डावरचे व्याज सर्वसाधारणपणे महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के पडते. तीस टक्क्यांवरील व्याज अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केल्यामुळे त्या बाजूनेही ग्राहकाला आता आधार उरलेला नाही. समजा, वीस हजारांची मर्यादा पूर्ण वापरली आणि बिलावर ठळक छापलेली "किमान देय रक्कम" तेवढी भरली. ती रक्कम हजाराच्या आसपास असते. महिन्याचे सातशे रुपये व्याज, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे एकशे सव्वीस, म्हणजे भरलेल्या हजारातले आठशे सव्वीस रुपये तिथेच संपले आणि मुद्दल पावणेदोनशेही उतरले नाही. शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, आणि एटीएममधून कार्डावर रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळे शुल्क. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबते, असा इशारा बिलावर छापण्याचे बंधन आहे. पण तो बारीक टाइपात आणि इंग्रजीत असतो. नियम सांगतो की अटी सोप्या भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असाव्यात. आपल्या शहरात स्थानिक भाषा म्हणजे मराठी, आणि पूर्व भागात तेलुगू, कानडीही. सोलापूरकर ज्या तीन भाषांत एकमेकांशी घासाघीस करतो त्या भाषांत अर्जासोबतचे एक पानी माहितीपत्रक छापायला बँकेला किती खर्च येईल?

याच ठिकाणी एक गैरसमज दूर करायला हवा. अनेकांना वाटते की ठेव बँकेकडे आहेच, तेव्हा बिल चार-आठ दिवस उशिरा भरले तरी बिघडत नाही. बँकेचे बिघडत नाही, त्याचे मात्र बिघडते. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ रक्कम थकली की ती थकीत म्हणून कळवली जाऊ शकते, आणि ठेव मोडून वसुली झाली तरी त्या उशिराची नोंद अहवालात राहते. महिन्यागणिक परतफेडीचे रकाने असलेली सिबिलच्या अहवालातील पट्टी छत्तीस महिन्यांपर्यंतची असते, आणि पतमाहिती तर किमान सात वर्षे जपून ठेवायची असते. ज्याला पतइतिहास सावरण्यासाठी हे कार्ड घ्यायचे आहे त्याने चुकूनही ते ओढाताणीच्या दिवसांसाठी ठेवू नये. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत खर्च, बिल तयार होण्याआधीच जमेल तेवढी रक्कम भरणे आणि उरलेली देय तारखेपूर्वी आपोआप खात्यातून वळती होईल अशी सूचना देणे, एवढे पुरे आहे. हे तिन्ही आपला कर्मचारी कार्ड देताना दोन मिनिटांत सांगू शकतो. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागल्यापासून नवी पेठेतल्या छोट्या दुकानातही क्यूआरवर उधारी करता येते, त्यामुळे सोयीबरोबर मोहही वाढला आहे. माझा सल्ला विचाराल तर या कामाच्या कार्डाला वर्षभर तरी यूपीआय जोडूच नये. सोनेतारण का नाही, असेही लोक विचारतात. ते कर्जही अहवालात दिसते, पण ते बहुतेक एकरकमी सोडवले जाते, आणि महिन्यामागून महिना वेळेवर भरल्याचा पुरावा त्यातून तेवढा मिळत नाही.

खरे तर कार्ड ही पहिली पायरी नव्हेच. आधी अहवाल पाहावा. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून प्रत्येकी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, आणि स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. उलट पाच बँकांत एकामागून एक अर्ज टाकल्याने होतो. आमच्याकडे एकाच पेठेत एकाच नावाची तीन माणसे सापडतात, आणि तेलुगू आडनावे इंग्रजीत लिहिताना तर दर कागदावर वेगळी स्पेलिंगे पडतात. त्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या अहवालात येण्याचे प्रकार इथे होतात. अशा चुकीची तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यापुढे दररोज शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून अमलात आहे. त्यात आपल्या वाट्याला, म्हणजे दुरुस्त माहिती पतमाहिती कंपनीकडे पाठवण्यासाठी, एकवीस दिवस आहेत. तक्रार आली की शाखेने "ते सिबिलवाल्यांचे काम आहे" म्हणून हात झटकू नयेत, कारण चूक बहुधा बँकेने पाठवलेल्या माहितीतच असते आणि बँकेने सुधारल्याशिवाय कंपनीला ती सुधारता येत नाही.

तडजोडीबद्दलही आपण स्पष्ट बोलावे, ही विनंती. वसुलीचे लोक "निम्मे भरा, विषय संपला" असे सांगतात आणि ग्राहक सुटलो म्हणून घरी जातो. अहवालात मात्र ते खाते "क्लोज्ड" (पूर्ण फेडून बंद) न होता "सेटल्ड" (तडजोडीने मिटवलेले) म्हणून राहते. रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या तडजोडविषयक चौकटीनुसार तडजोड केलेल्या कर्जदाराला त्याच बँकेने नवे कर्ज देण्यापूर्वी किमान बारा महिने थांबायचे असते. शेतीकर्ज तेवढे याला अपवाद आहे. उरलेली रक्कम भरून, थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन ती नोंद सुधारून घेता येते, हे तडजोडीच्या कागदावरच छापले तर किती जणांची फरफट वाचेल! कार्ड जुनी नोंद पुसत नाही. ते तिच्यापुढे नव्या, स्वच्छ नोंदी मांडत जाते, आणि काळानुसार जुनीचे वजन कमी होते. याहून जास्त कोणी आश्वासन देत असेल तर तो फसवतो आहे.

असे आश्वासन देणारे शहरात आहेत. "सिबिल क्लिअर करून देतो" अशा पाट्या आणि व्हॉट्सअॅपवरचे संदेश आपणही पाहिले असतील. पाच-दहा हजार रुपये घेऊन ही मंडळी करतात काय, तर जी तक्रार ग्राहक स्वतः फुकट करू शकतो ती त्याच्या नावाने करतात. काही जण त्याचे पॅन आणि ओटीपी घेऊन भलतेच काहीतरी करतात. ज्या माहितीसाठी लोक त्यांना पैसे मोजतात ती आपल्या शाखेत विनामूल्य मिळाली असती, तर या धंद्याला जागाच राहिली नसती.

नागरी सहकारी बँकांच्या अधिकाऱ्यांना हे पत्र वाचताना वाटेल की हा विषय आपला नाही, कारण क्रेडिट कार्ड काढायला रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते आणि ती बहुतेकांकडे नाही. मान्य आहे. पण ठेवीवरचे छोटे हप्त्याचे कर्ज आपण देऊ शकता आणि त्याची परतफेड पतमाहिती कंपन्यांकडे वेळेवर कळवू शकता. कार्ड हाताळण्याची ज्याला धास्ती वाटते त्याच्यासाठी हा मार्ग अधिकच बरा.

ज्याच्याकडे पंचवीस हजारही नाहीत त्याचे काय, हा प्रश्न उरतो. कुंभारीच्या रे नगरात राहणाऱ्या, आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्या कामगाराला एकरकमी ठेव सांगणे म्हणजे थट्टाच. पाच हजारांच्या ठेवीवर चार हजारांचे कार्ड, किंवा वर्षभराच्या आवर्ती (दरमहा थोडी थोडी भरायच्या) ठेवीनंतर तीच मुदत ठेवीत बदलून कार्ड, अशी योजना आखणे आपल्या प्रधान कार्यालयांच्या हातात आहे. शाखेने ती वर कळवावी. लोकांच्या मनात "ठेव कायमची अडकेल" ही भीती असते, म्हणून हेही सांगावे की सगळी बाकी भरल्यावर कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करावी लागते आणि विलंब झाल्यास बँकेला दिवसाला पाचशे रुपये दंड ग्राहकास द्यावा लागतो.

अग्रणी बँक व्यवस्थापक महोदय, आपल्याकडे माझे मागणे थोडके आहे. जिल्हास्तरीय सल्लागार समितीच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ठेवीवरील कार्डाचा विषय घ्यावा. कोणत्या बँकेची कोणती शाखा असे कार्ड देते, किमान ठेव किती, वार्षिक शुल्क किती आणि त्यासाठी स्कोअर पाहिला जातो की नाही, याचा एक तक्ता मराठीत करून प्रत्येक शाखेच्या फलकावर लावावा. वित्तीय साक्षरता केंद्रांच्या शिबिरांत विमा आणि पेन्शनच्या योजनांबरोबर स्वतःचा पतअहवाल कसा काढायचा आणि कसा वाचायचा, याला अर्धा तास द्यावा, आणि अशी शिबिरे विडी कारखान्यांच्या पगाराच्या दिवशी व यंत्रमाग बंद असतात त्या सुट्टीच्या दिवशी घ्यावीत, म्हणजे ज्यांच्यासाठी ती आहेत ते लोक येऊ शकतील. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते, आणि सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत, हेही त्या फलकावर असावे.

बैठकीपुढे ठेवण्यासाठी, ज्यांना ठेवीवरचे कार्ड नाकारले गेले अशा माझ्या ग्राहकांच्या अर्जांची माहिती, त्यांची संमती घेऊन आणि नावे वगळून, मी आपल्या कार्यालयात लेखी द्यायला तयार आहे. बैठकीची तारीख कळावी.

आपला विश्वासू,
एक करसल्लागार, सोलापूर